आरोग्यचिंतन : दुखणाऱ्या देहाने व्यायाम कसा करावा?



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरताना आढळतात. अंग सदैव दुखते, रात्रभर झोपून उठले तरी थकवा जात नाही, रक्ताच्या तपासण्या निर्दोष येतात आणि कुपत होलिममधील डॉक्टर घाईघाईच्या भेटीत एवढेच सांगतात की, "व्यायाम करा." लोद येथील एक भगिनी लिहितात की, त्यांनी हा सल्ला शिरसावंद्य मानून पहिल्याच दिवशी पाऊण तास चालण्याचा व्यायाम केला आणि पुढील दोन दिवस त्यांना अंथरुणावरून उठवेना. दिमोना येथील एका बंधूंचा अनुभव नेमका उलट आहे. कंबर दुखते म्हणून त्यांनी दोन वर्षे जपून, बहुतेक बसूनच काढली. आता दुसरा मजला चढतानाही त्यांना मध्ये थांबावे लागते, आणि कंबर मात्र दुखावयाची ती दुखतेच. "मग आम्ही करावे तरी काय?" असे दोघेही विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. "हलका व्यायाम करावा" एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आम्ही पेशाने शिक्षक आहोत, डॉक्टर नव्हे. औषधयोजना सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही व तो आम्ही घेणारही नाही. परंतु व्यायाम ही बव्हंशी शिकण्याची गोष्ट आहे. आणि शिकविण्याच्या शास्त्राशी आमचा संबंध तीस वर्षांचा असल्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम वेदनेविषयी. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या अथवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. ताज्या दुखापतीची वेदना ही सूचना असते : तवा तापलेला आहे, हात मागे घे. जुनाट वेदनेत पुष्कळदा इजा भरून आलेली असते, किंवा मुळी झालेलीच नसते, तरीही मज्जासंस्था ही सूचना देतच राहते. शाळेच्या शिपायाने तास संपलेला नसता वारंवार घंटा बडवीत सुटावे, तसा हा प्रकार आहे. घंटा खोटी नसते, ती सर्वांना ऐकू येते. मात्र तास संपलेला नसतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली या प्रकारच्या वेदनेस 'नोसिप्लास्टिक' असे स्वतंत्र नाव दिले. फायब्रोमायाल्जिया हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण होय. पूर्वी, म्हणजे १९९० च्या निकषांप्रमाणे, शरीरावरील १८ ठिकाणे बोटाने दाबून पाहत आणि त्यांपैकी ११ दुखली तरच हा विकार आहे असे मानीत. २०१० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने नवे निकष मांडले व त्यांत दुखण्याच्या विस्ताराबरोबरच थकवा, न मिटणारी झोप आणि विस्मरण यांनाही स्थान दिले. तपासण्या निर्दोष येणे म्हणजे रोग नसणे नव्हे, हे आमच्या अनेक भगिनींनी आपल्या घरच्या मंडळींस निक्षून सांगावयास हवे.

मात्र हे नाव स्वीकारण्यापूर्वी कुटुंबाच्या डॉक्टरांकडून रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व आणि मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी. या चार गोष्टींमुळेही माणूस थकतो, आणि त्यांवर उपाय सोपा आहे.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. थकवा दोन प्रकारचा असतो, आणि दोहोंना एकच उपदेश लागू पडत नाही.

पहिल्या प्रकारात थोडेसे चालल्यावर अंग दुखते, पाय भरून येतात, परंतु एक-दोन रात्रींत ते निवळते. आणि चालणे नेमाने चालू ठेवल्यास महिन्या-दोन महिन्यांत झोप व उत्साह सुधारतात. फायब्रोमायाल्जियाचे बहुतेक रुग्ण या वर्गात मोडतात. युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी त्यांच्यासाठी सुधारलेल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, तेव्हा औषधे व अन्य उपचार यांना त्यांनी सौम्य पाठिंबा दिला. निःसंदिग्ध पाठिंबा फक्त एका गोष्टीस मिळाला, तो म्हणजे व्यायामास.

दुसऱ्या प्रकारात श्रमाची शिक्षा उशिरा मिळते. आज बाजारहाट केला, पाहुण्यांशी गप्पा केल्या, बरेही वाटले. आणि १२ ते ४८ तासांनंतर अंगातील सारे त्राण निघून गेल्यासारखे होते. डोके चालत नाही, घसा दुखतो, उजेड सोसत नाही, आणि ही अवस्था कित्येक दिवस, क्वचित कित्येक आठवडे टिकते. २०१५ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने श्रमोत्तर ढासळणे हे 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' या विकाराचे मुख्य लक्षण ठरविले. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांमध्येही हेच लक्षण दिसून आले आहे. अशा रुग्णांस "रोज थोडे थोडे वाढवीत जा" हा उपदेश अपाय करू शकतो.

याविषयीचा इतिहास बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये शासनाला वैद्यकीय मार्गदर्शन करणारी 'नाइस' नावाची संस्था २००७ साली या रुग्णांस ठरावीक क्रमाने वाढविला जाणारा व्यायाम सुचवीत असे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने त्या उपदेशाला दुजोराही दिला. रुग्णांच्या संघटना मात्र सांगत राहिल्या की, आम्ही याने अधिक आजारी होतो. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच संस्थेने हा उपदेश मागे घेतला. विशेष म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जुनाट वेदनेच्या रुग्णांनी व्यायाम करावा असे तिनेच प्रसिद्ध केले होते. वरवर पाहता हा परस्परविरोध वाटतो. वस्तुतः तो दोन निरनिराळ्या दुखण्यांतील फरक आहे. एका वर्गातील सर्व मुलांना एकच पुस्तक लावणाऱ्या शिक्षकाचे जे होते, तेच "व्यायाम करा" असे सरसकट सांगणाऱ्याचे होते.

तर आपण कोणत्या वर्गात मोडतो, हे कसे ओळखावे? एक साधी वही घ्यावी. दोन आठवडे रोज रात्री तीनच गोष्टी लिहाव्यात : आज कोणते श्रम झाले, वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, आणि थकवा शून्य ते दहा यांपैकी किती. मनाचे श्रमही लिहावेत; हिब्रू कागदपत्रे भरीत दोन तास बसणे हेही श्रमच होत. दोन आठवड्यांनी पाने उलटून पाहावीत. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी थकव्याचा आकडा वारंवार उसळी घेत असेल, तर व्यायामाचा कोणताही कार्यक्रम सुरू न करता ती वही डॉक्टरांना दाखवावी. अशा व्यक्तीचे पहिले काम आपल्या शक्तीच्या मर्यादेच्या आत राहणे हे आहे. दात घासताना बसणे, स्नानासाठी स्टूल ठेवणे, दर अर्ध्या तासाने पडून राहणे हाच तिचा कार्यक्रम. हालचाल करावयाची ती बिछान्यातल्या बिछान्यात, सांधे आखडू नयेत इतपतच. काहींना दोन्ही विकार एकत्र असतात; त्यांनी दुसऱ्याचेच नियम पाळावेत.

ज्यांच्या वहीत अशी उसळी नाही, त्यांच्यासाठी आता पुढील विवेचन.

शिक्षणशास्त्रात दोन सूत्रे अगदी प्रारंभी शिकवितात : ज्ञाताकडून अज्ञाताकडे आणि सोप्याकडून कठिणाकडे. व्यायामातही हीच सूत्रे चालतात. प्रथम ज्ञात काय आहे ते शोधावे. तीन निरनिराळ्या दिवशी, वेदना वाढू लागण्यापूर्वी आपण किती मिनिटे चालू शकतो ते घड्याळावर पाहावे. समजा, पहिल्या दिवशी नऊ मिनिटे, दुसऱ्या दिवशी सहा व तिसऱ्या दिवशी बारा मिनिटे भरली. सरासरी नऊ आली. आरंभ नवापासून करू नये. त्याच्या सुमारे पाऊण पटीने, म्हणजे सात मिनिटांनी करावा. आठवडाभर सातच मिनिटे. आठवडा सुरळीत गेला तर आठ. या गतीने दहा आठवड्यांत आपण सतरा मिनिटांवर येतो. सतरा मिनिटे ऐकून काही वाचक हसतील. परंतु ज्या माणसाला सहाव्या मिनिटाला बाकडे शोधावे लागत होते, त्याला विचारून पाहावे.

आणि येथेच आमच्या मंडळींचे घोडे पेंड खाते. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी आपण सात मिनिटांवर थांबत नाही. पेसहच्या आधीचे दिवस आठवावेत. एका सकाळी अंग हलके वाटते. लगेच कपाटे रिकामी होतात, गाद्या उन्हात जातात, शेगडी घासली जाते, खमिराचा कण म्हणून कोठे शिल्लक राहत नाही. दुसऱ्या दिवशी गृहिणी आडवी होते. चार दिवसांनी पुन्हा बरे वाटते आणि पुन्हा तोच प्रकार. इंग्रजी वैद्यक ग्रंथांतून या उसळी आणि घसरणीच्या चक्राचे वर्णन पुष्कळ आढळते. आम्हांला ते समजावयास ग्रंथांची आवश्यकता नाही, आमच्या प्रत्येक घरात ते दरवर्षी घडते. या चक्रात शरीर दर महिन्यास थोडे थोडे खाली घसरते, कारण पडून राहण्याचे दिवस वाढत जातात आणि स्नायू क्षीण होतात.

उपाय असा की, थांबावयाचे ते घड्याळाच्या सांगण्यावरून, वेदनेच्या सांगण्यावरून नव्हे. बरे वाटो अथवा न वाटो, कपाटाचा एक कप्पा झाला की बसावे. कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे सर्वश्रुत आहे. घाण्याचा बैल शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सुटत असे. बैल दमून खाली बसेपर्यंत कोणी वाट पाहत नसे, आणि तीळ शिल्लक आहेत म्हणून त्याला आणखी दोन फेरे घालावयास लावीत नसत. विश्रांतीची वेळ आधीच ठरलेली असे. जुनाट दुखण्याच्या माणसाने दिवसाचे असेच लहान लहान भाग पाडावेत. पेसहची साफसफाई पुरीमनंतर लगेच, रोज वीस मिनिटे, एवढ्या हप्त्याने काढल्यास ती वेळेत पूर्ण होते. आम्ही हे एका घरी वही घालून करवून घेतले आहे आणि सेदेरच्या रात्री ती माउली टेबलाशी बसलेली होती.

व्यायामाने वेदना अजिबात वाढू नये, अशी अपेक्षाही ठेवू नये. फिझिओथेरपिस्ट सामान्यतः असा आडाखा सांगतात : वेदना दहापैकी दोन आकड्यांपर्यंत वाढली व चोवीस तासांत पूर्ववत झाली, तर मात्रा योग्य आहे. त्याहून अधिक वाढली किंवा दुसऱ्या दिवशीही रेंगाळली, तर पुढील वेळी मात्रा कमी करावी, बंद करू नये. चालताना बोलता आले पाहिजे; गाणे म्हणता येत असेल तर थोडे वाढवावयास हरकत नाही, आणि वाक्य तुटत असेल तर वेग कमी करावा.

चालण्याबरोबर स्नायूंनाही थोडे काम हवे. त्यासाठी उपकरणांची गरज नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हातांचा आधार घेऊन पाच वेळा उठावे व सावकाश बसावे. चहाला आधण येईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून तळहातांनी भिंत ढकलावी. हे आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, पुरे आहे. आमच्यापैकी अनेकांनी शाळेत सूर्यनमस्कार घातलेले आहेत आणि बरे वाटताच त्यांनाच हात घालण्याचा मोह होतो. बारा स्थितींचा तो व्यायाम सुदृढ मुलांसाठी ठीक. दुखऱ्या कमरेच्या माणसाने त्याकडे निदान पहिले वर्ष पाहू नये, असे आमचे मत आहे. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी जिनाही हिशेबात धरावा. शूकमधील भाजीसह तीन मजले चढून आलेल्या दिवशी खुर्चीचा व्यायाम करू नये. तो झालेला आहे.

पाण्यातील व्यायाम सांधेदुखीच्या माणसास विशेष मानवतो, कारण पाणी देहाचा बराचसा भार उचलते. उपचारासाठी कोमट पाण्याचे हौद असतात; तेथे जाण्याविषयी आपल्या कुपाहमध्ये चौकशी करावी. मृत समुद्र ही मात्र व्यायामाची जागा नव्हे. समुद्रसपाटीखाली ४३० मीटरांहूनही खोल असलेल्या त्या पाण्यात जवळजवळ तिसरा हिस्सा क्षार आहे. माणूस उताणा सहज तरंगतो, परंतु पालथा झाल्यास त्यास पुन्हा सरळ होणे कठीण जाते व तोंडात पाणी जाऊन जीव धोक्यात येतो. तेथे उताणे पडून विश्रांती घ्यावी, तीही थोडा वेळ आणि सोबत घेऊन.

ज्यांना चालण्याचा कंटाळा येतो, त्यांनी जवळच्या मतनासमध्ये तायचीचा वर्ग आहे का, ते पाहावे. २०१८ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे २२६ फायब्रोमायाल्जिया रुग्णांवर झालेल्या प्रयोगात या संथ चिनी व्यायामाने वेगाच्या व्यायामाइतका किंवा त्याहून अधिक आराम पडला. आपल्या देशात मोशे फेल्डेनक्राइस यांची पद्धतीही प्रचलित आहे. हे गृहस्थ मूळचे अभियंते व जूडोपटू. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने त्रस्त होऊन त्यांनी स्वतःच्या हालचालींचा अभ्यास आरंभिला आणि तेल अवीवमधील अलेक्झांडर यनाय रस्त्यावर वर्षानुवर्षे वर्ग चालविले. कंबरदुखीने पीडलेले पंतप्रधान बेन गुरियन त्यांचेच शिष्य. समुद्रकिनारी शीर्षासन करतानाचे त्यांचे १९५७ सालचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. या पद्धतीच्या उपयुक्ततेचे पुरावे अद्याप थोडे आहेत, परंतु जमिनीवर पडून सावकाश करावयाच्या त्या हालचालींत अपायही थोडाच. शीर्षासन मात्र बेन गुरियन यांच्यावरच सोपवावे.

उन्हाळ्याविषयी काही सूचना आवश्यक आहेत. शराव वाहत असताना बाहेर चालू नये. जून ते सप्टेंबर या काळात सकाळी सातपूर्वी अथवा सूर्यास्तानंतर चालावे, किंवा सरळ वातानुकूलित कान्यूनमध्ये फेऱ्या माराव्यात. दुकानदार काही म्हणत नाहीत. वेदनेसाठी व झोपेसाठी देण्यात येणाऱ्या अमिट्रिप्टिलीनने घाम कमी येऊ शकतो, प्रिगॅबलीनने चक्कर येऊ शकते, आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी श्रमानंतरही फारशी वाढत नाही. म्हणून नाडी मोजून व्यायाम करणाऱ्यांनी फसू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

छातीत दडपण, श्वास अकस्मात अडणे, एकाच पोटरीला सूज, एखादाच सांधा लाल व गरम होणे, ताप, नकळत वजन घटणे, पायांतील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे किंवा बैठकीच्या जागेची संवेदना नाहीशी होणे : यांपैकी काहीही झाले तर व्यायाम थांबवावा आणि डॉक्टरांकडे जावे. छातीतील दडपण, श्वास अडणे किंवा शेवटची तीन लक्षणे आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

एक गोष्ट घरातील इतरांसाठी. आमच्या समाजात कष्टाला मोठा मान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्यामुळे दुपारी आडवी झालेली सून आळशी ठरते, आणि पन्नाशीतला पुरुष कारखान्यात कंबर धरून उभा राहतो, बसावयाची त्यास लाज वाटते. एका घरात आम्ही सासूबाईंना असे म्हणताना ऐकले की, "काल तर हिंडत होती, आज कसे दुखते?" काल हिंडली म्हणूनच आज दुखते, हे या लेखावरून त्यांच्या ध्यानी यावे. रुग्णास व्यायामाला ढकलू नये, तसेच "तू बस, मीच करतो" असे म्हणून त्याच्या हातचे प्रत्येक काम काढूनही घेऊ नये. सात मिनिटे चालावयाची असतील तर सोबत चालावे, आणि सातव्या मिनिटाला थांबावे.

शेवटी भाषेचा प्रश्न, जो आम्हां शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे. मराठीत वेदनेला किती शब्द! ठणका, कळ, चमक, रग, भगभग, मुंग्या, शिणवटा. आमच्या वडीलधाऱ्या स्त्रिया घरी हे सर्व शब्द अचूक वापरतात, आणि डॉक्टरांसमोर बसताच त्यांच्यापाशी एकच शब्द उरतो : कोएव. डॉक्टर तरी त्यावरून काय समजणार? म्हणून पुढील शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. भगभग होत असेल तर 'सोरेफ', सुई टोचल्यासारखे असेल तर 'दोकेर', ठणकत असेल तर 'पोएम', मुंग्या येत असतील तर 'निम्लूल', थकव्यास 'आयेफूत'. आणि ज्यांचा थकवा श्रमानंतर एक-दोन दिवसांनी उसळतो, त्यांनी 'अहरेय मअमात्झ', म्हणजे श्रमानंतर, हे दोन शब्द पाठ करावेत व त्यांच्यापुढे किती तासांनी ते बोटांनी मोजून दाखवावे. वही मराठीत असली तरी आकडे डॉक्टरांना वाचता येतात, फक्त ते इंग्रजी पद्धतीने लिहावेत.